नेलकटर हवाय? आधी जन्मतारीख सांगा

गेल्या आठवड्यात मी एक नेलकटर घेतला. रोख पैसे दिले, तेही मोजून सुटे. व्यवहार तिथेच संपला, अशी माझी भाबडी समजूत. काउंटरवरच्या मुलीने पैसे हातात धरले, गल्ल्यात मात्र टाकले नाहीत. मान वर न करता म्हणाली, "मोबाइल नंबर?"

"कशाला?"

"बिलासाठी."

"बिल कागदावर निघत नाही?"

"नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढेच जात नाही."

मी वाकून स्क्रीनकडे बघितलं. एक रिकामी चौकट लुकलुकत होती. तिच्याखाली ईमेल, त्याखाली जन्मतारीख आणि सगळ्यात खाली लग्नाचा वाढदिवस. नखं माझ्या एकट्याची, पण चौकशी जोडप्याची. मागे सात-आठ जण उभे होते. एकाने मोठ्ठा सुस्कारा सोडला, एका बाईंनी घड्याळ पाहिलं, आणि माझ्या मुलाच्या वयाचा एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, देऊन टाका ना नंबर. काय होतंय?"

काय होतंय ते मला तिथल्या तिथे सांगता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं की चूक माझीच. आधुनिक ग्राहकाने कसं वागावं याचं वळणच मला लागलेलं नाही. तुमची तरी अशी फजिती होऊ नये म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे विचारायची वेळ येऊ देऊ नका. काउंटरजवळ पोचताच नमस्काराच्या जागी नंबर म्हणा. आवाज असा खणखणीत हवा की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही टिपून घेता यावा. त्याच्याकडे पेन नसेल तर दोनदा म्हणा.

जन्मतारीख खरीच सांगा. खोटी सांगितलीत तर मशीन भलत्याच दिवशी शुभेच्छा पाठवेल आणि उगाच बिचारीला ओशाळल्यासारखं होईल.

लॉयल्टी कार्ड मिळेल तिथे घ्या. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. ती दाखवायची आपण, कार्ड त्यांचं. या कार्डाचं मोल कळायला थोडा इतिहास माहीत हवा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी, दुकानातल्या यंत्राने आज वस्तूंवर दिसतो तसला बारकोड पहिल्यांदा वाचला. च्युइंगमचं पाकीट होतं. यंत्राला पाकीट ओळखता आलं, पण घेणारा कोण, घरी कोणकोण आहेत, पुन्हा कधी येणार, यातलं काही त्याला कळत नव्हतं. केवढी उणीव! कार्डाने ती भरून काढली. ब्रिटनच्या टेस्को या दुकानसाखळीने १९९५ मध्ये देशभर क्लबकार्ड नावाचं लॉयल्टी कार्ड आणलं. त्याआधी चाचणीचे निष्कर्ष संचालकांपुढे ठेवले गेले, तेव्हा अध्यक्ष म्हणाल्याचं सांगतात की माझ्या ग्राहकांबद्दल मला तीस वर्षांत जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याचीच भीती वाटते. भीती वाटली आणि कार्ड धूमधडाक्यात सुरू केलं. याला म्हणतात व्यवसायनिष्ठा.

अटी आणि शर्ती वाचू नका. लिहिणाऱ्याने त्या वाचल्या जाऊ नयेत म्हणून एवढी मेहनत घेतलेली असते, तिचा मान राखा.

दुकानात शिरताना फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू ठेवा, नाहीतर तुम्ही कुठल्या कपाटापुढे किती वेळ घुटमळलात हे त्यांना कोण सांगणार?

विजेरीच्या ॲपने ठावठिकाणा मागितला तरी देऊन टाका. उजेड कुठे पाडायचा हे त्याला कळायला नको? (थट्टा वाटली असेल, तर २०१३ मध्ये अमेरिकेत अशाच एका विजेरी ॲपवर खरोखर कारवाई झाली होती. लोक अंधारात किल्ली शोधत होते आणि ॲप त्यांचा पत्ता जाहिरातवाल्यांना पुरवत होतं.)

मॉलमध्ये दुकान सापडेना, तर नकाशाच्या फलकासमोर हसऱ्या चेहऱ्याने उभे राहा. कॅनडात बारा मॉलमधल्या फलकांत कॅमेरे दडवलेले होते. लोक नकाशात दुकान शोधायचे, तेवढ्यात फलक त्यांचं वय आणि स्त्री की पुरुष याचा अदमास घेऊन मोकळा व्हायचा. २०२० मध्ये तिथल्या प्रायव्हसी आयुक्तांनी अहवाल दिला तेव्हा आकडा निघाला पन्नास लाख चेहऱ्यांचा. तेव्हा केस विंचरून जात जा.

"तुमची माहिती निनावी ठेवली जाते" या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. डोळे उघडलेत तर २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास दिसायचा. त्यात अकरा लाख माणसांच्या तीन महिन्यांच्या क्रेडिट कार्डावरच्या खरेदीची नोंद घेतली होती. नावं, खातेक्रमांक, सगळं काढून टाकलेलं. एखाद्या माणसाने कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात खरेदी केली, अशा फक्त चार गोष्टी ठाऊक असल्या की त्या ढिगाऱ्यातून नेमका तोच हुडकता येत होता. दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत. चार खरेद्या! आपण सुट्टीच्या एका दिवसात एवढ्या करतो. नाव पुसलं म्हणून माणूस पुसला जात नाही, हे शेजारच्या काकूंना फार पूर्वीपासून माहीत होतं. शास्त्रज्ञांनी ते आकड्यांत मांडलं इतकंच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. माझ्यासारखा कोणी कुरकुर करायला लागला की त्याला तोंडावर विचारा, "लपवण्यासारखं असं काय आहे हो तुमच्याकडे?" समोरचा गप्प बसतो. मीही बसलो असतो. पण लपवण्यासारखं म्हणजे नेमकं काय, ते एकदा बघूच.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने साधारण पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून कोणती बाई गरोदर असावी आणि तिचे दिवस कधी भरतील याचा अंदाज बांधायची पद्धत बसवली होती. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं. बिनवासाचं लोशन, मग कॅल्शियमच्या, मॅग्नेशियमच्या, झिंकच्या गोळ्या. यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. लोशन कोणी पदराआड लपवून आणत नाही. पण एका नावाखाली या वस्तू ओळीने मांडल्या की त्यातून जे वाचता येतं, ते त्या बाईने कदाचित स्वतःच्या आईलाही अजून सांगितलेलं नसतं. बरं, आपल्याला हे कळलंय हे पाहून बायका बिचकतील, हे दुकानाच्या ध्यानात आलं. मग त्यांनी काय केलं? ताक-झाक थांबवली? छे. लहान बाळाच्या लंगोटांच्या कूपनशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापली. म्हणजे वाटावं, सगळ्यांनाच हे आलंय, योगायोग आहे. चोराने घरात शिरून पावलांचे ठसे पुसावेत तसं! आणि ज्यांना एवढं अचूक कळत होतं त्यांना स्वतःची तिजोरी राखता आली नाही. २०१३ च्या अखेरीस त्याच टार्गेटमधून सुमारे चार कोटी क्रेडिट-डेबिट कार्डांचे तपशील चोरीला गेले, आणि सात कोटी लोकांपर्यंतची नावं, पत्ते, फोन वेगळेच.

ही माहिती दुकानात तरी राहते का? ती विकणाऱ्या दलालांचा वेगळाच बाजार आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा नऊ दलालांची झाडाझडती घेतली. त्यातल्या एकाकडे देशातल्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाबद्दलच्या माहितीचे तीन हजार कप्पे होते. मला स्वतःबद्दल तीन हजार गोष्टी विचारा, मी चाळिसाव्याला थकेन. आणि गटांची नावं काय? 'बाळाची वाट पाहणारे', 'कोलेस्टेरॉलकडे लक्ष असणारे', 'मधुमेहात रस असलेले'. मधुमेहात रस! कोणाला असतो हो मधुमेहात रस? आजारी वडिलांसाठी कोणी चार दिवस काहीबाही वाचलं, काहीबाही मागवलं, की झाला तो मधुमेहात रस असलेला. उद्या विमा कंपनीने हात आखडता घेतला तर विचारणार कोणाला? तो कप्पा कोणी पाडला, कधी पाडला, त्याला माहीतच नसतं.

हे निदान कागदावरचं. आता चेहऱ्याचं बघा. राइट एड या औषधांच्या दुकानसाखळीने अमेरिकेत आपल्या काही दुकानांत २०१२ ते २०२० चेहरे ओळखणारे कॅमेरे चालवले. ग्राहकांना पत्ता नव्हता. यंत्र कोणालाही चोर ठरवायचं आणि नोकर त्याच्या मागे लागायचे. अकरा वर्षांच्या एका मुलीला अशाच चुकीच्या जुळणीवरून अडवून तिची झडती घेतली. २०२३ च्या डिसेंबरात त्या साखळीला पाच वर्षं हे तंत्र वापरायची बंदी झाली. पाच वर्षं. त्या पोरीने काय लपवलं होतं, सांगा ना? तिच्याकडे लपवण्यासारखं काय होतं?

जाऊ द्या. मला नाही आता सल्ले देता येत.

सिस्टिम पुढे जात नाही, हे खोटं आहे. ती जात नाही कारण ती तशी कोणीतरी मुद्दाम बनवून घेतली आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की कामाला लागेल तेवढीच माहिती घ्या आणि कशासाठी घेतली ते सांगा. नेलकटर विकायच्या कामाला माझी किती माहिती लागते? काडीचीही नाही. पैसे घ्या, वस्तू द्या, संपलं. शेकडो वर्षं माणसं अशीच खरेदी करत आली. अनोळखी राहून वस्तू विकत घेणं हा काही गुन्हा नव्हता, आजही नाही.

त्या काउंटरवरच्या मुलीचा मला राग नाही. दिवसाला किती नंबर गोळा केले याचा हिशेब तिच्याकडून कोणीतरी घेत असणार. राग मला तुमचा येतो. होय, तुमचाच. मागे उभे राहून सुस्कारे सोडणाऱ्यांचा, घड्याळ बघणाऱ्यांचा, 'काका, देऊन टाका ना' म्हणणाऱ्या त्या शहाण्याचा. मोफत राखणदार मिळालेत दुकानाला! ग्राहकाने नकार दिला तर दुकानाला तोंड उघडावं लागत नाही, रांगच त्याला सरळ करते. रस्त्यात अनोळखी माणसाने बायकोची जन्मतारीख विचारली तर अंगावर धावून जाल, आणि इथे एप्रन घातलेल्याने विचारली की पत्नीला फोन लावून खात्री करून घेता! भीड भिकेची बहीण म्हणतात. अरे, इथे तर भीक घालणारेही आपणच, आणि वर आभार मानणारेही आपणच. "कशाला हवाय?" हे दोन शब्द आहेत. ते विचारायला काय पैसे पडतात? त्या दिवशी त्या रांगेतल्या एकाने, फक्त एकाने, "बरोबर विचारतायत ते" एवढं म्हटलं असतं ना, तर माझा आवाज बसला नसता.

बसला. मीही दिला नंबर. घाईघाईत खरी जन्मतारीखही दिली. लग्नाचा वाढदिवस आठवेना, तेवढा वाचला. संध्याकाळपर्यंत तीन संदेश आले: कुटुंबात स्वागत, खास तुमच्यासाठी निवडलेलं काहीतरी, आणि नेलकटर वापरण्याच्या अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल.

नेलकटर बोथट निघाला. परवा बदलून घ्यायला गेलो. काउंटरवर तीच मुलगी.

"पावती?"

"कागदाची दिलीच नाहीत. मोबाइलवर आली होती, ती लिंक आता उघडत नाही. पण माझा नंबर आहे ना तुमच्याकडे, त्यावरून बघा."

तिने नंबर टाकला. स्क्रीनवर माझं नाव आलं, खाली जन्मतारीख, त्याखाली ईमेल. तिने दोन-तीनदा वरखाली करून पाहिलं.

"काय घेतलं ते आम्हाला इथून दिसत नाही, काका."