साहेब दौऱ्यात, प्रकरण पुढे

तहसीलदारांपुढे चाललेल्या आमच्या 143 च्या, म्हणजे जमीन महसूल अधिनियमाच्या त्या कलमाखाली बांधावरून रस्ता मिळण्याच्या, प्रकरणात आज पुन्हा तारीख मिळाली, आणि ती कशामुळे मिळाली हे कळल्यापासून तळपायाची आग मस्तकात गेली आहे. सुनावणीची वेळ अकराची होती. आम्ही हजर, सामनेवाले हजर, दोन्हीकडचे वकील उकाड्यात काळे कोट चढवून हजर. हजर नव्हते ते फक्त न्याय देणारे. दीड वाजता अव्वल कारकून बाहेर आले आणि म्हणाले, की तालुक्यात मंत्रिमहोदयांचा दौरा असल्यामुळे साहेब सकाळपासून विश्रामगृहावर आहेत, तेव्हा सर्वांनी रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या दैनंदिन नोंदीवर, सह्या करून पुढची तारीख घ्यावी. रोजनाम्यातला मजकूर अगोदरच लिहून तयार होता: ‘उभय पक्ष हजर. मा. पीठासीन अधिकारी शासकीय कामकाजात व्यस्त असल्याने प्रकरण पुढे.’

शासकीय कामकाजात व्यस्त! मग आम्ही अडीच तास ज्याची वाट पाहत लाकडी बाकावर बसलो होतो, ते काय कोणाचे घरगुती काम होते? न्यायासनावर बसणे हे शासकीय कामकाजात मोडत नाही आणि हेलिपॅडवर पुष्पगुच्छ धरून उभे राहणे मात्र मोडते, असा या वाक्याचा सरळ अर्थ होतो, आणि त्याखाली माझी सही आहे. शिवाय जे गैरहजर होते त्यांच्या नावामागे ‘मा.’ आणि जे वेळेवर आले ते नुसते ‘उभय पक्ष’. या ‘मा.’चा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. आज त्याने कळस गाठला.

सर्वांत संतापजनक गोष्ट अशी, की माझ्याखेरीज कोणालाही यात काही वावगे वाटले नाही. मंत्री आले म्हणून दिवाणी न्यायाधीश कोर्ट सोडून स्वागताला गेले, असे एखाद्या तालुक्यात घडले तर वकील मंडळी दुसऱ्या दिवशी कामकाजावर बहिष्कार घालतील. इथे मात्र सामनेवाल्यांच्या वकिलांनी, पुतणीचे लग्न आहे, तेवढा आठवडा सोडून तारीख द्या, अशी विनंती केली आणि ती तत्काळ मान्य झाली.

आता या न्यायाची उतरंड पाहा. तहसीलदारांच्या आदेशावर अपील प्रांतांकडे, तिथून अपर जिल्हाधिकारी, मग अपर आयुक्त, आणि शेवटी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 257 खाली पुनरीक्षणासाठी मंत्रालयात, म्हणजे खुद्द मंत्र्यांपुढे. बांधावरून बैलगाडी जाऊ द्यायची की नाही, याचा निवाडा मते मागून निवडून आलेला माणूस करणार, आणि आमचे मत त्याला मिळाले होते की सामनेवाल्याचे, हे त्याने सुनावणीच्या वेळी विसरायचे! म्हणजे आज तळाचे न्यायालय शिखरावरच्या न्यायालयाच्या गाडीचे दार उघडायला गेले होते. आलेले मंत्री दुसऱ्याच खात्याचे होते, असे वकिलांनी मला शांत करण्यासाठी सांगितले. परंतु संविधानाच्या कलम 164 नुसार मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, तेव्हा पुष्पगुच्छही सामूहिकच धरावा लागेल.

आणि खाली तरी काय वेगळे आहे? रस्ता पूर्वापार होता की नाही याचा अहवाल देणार तलाठी (त्यांचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, अहवाल मात्र पूर्वीइतकाच उशिरा येतो), त्या अहवालावर शेरा मारणार मंडळ अधिकारी, या दोघांचे वरिष्ठ असलेले तहसीलदार त्यावरून निकाल देणार, आणि निकाल आमच्या बाजूने लागलाच तर पोलीस बंदोबस्त मागवून रस्ता मोकळाही तेच करून देणार. साक्षीदार, न्यायाधीश आणि बेलीफ एकाच हजेरीपटावर!

राज्याच्या लोकसेवांमध्ये न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्यासाठी राज्य उपाययोजना करील, असे संविधानाच्या कलम 50 मध्ये स्वच्छ लिहिले आहे. ही मागणी काही आजची नव्हे. साहेबाच्या हातात दंडुका आणि तराजू दोन्ही नकोत, असा ठराव काँग्रेसने 1886 च्या कलकत्ता अधिवेशनात केला होता. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हे कलम आले तेव्हा त्यात तीन वर्षांची मुदत होती. ती लगेच काढून टाकण्यात आली आणि मुदत गेल्यावर घाईही गेली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्यांचे न्यायिक आणि कार्यकारी असे दोन वर्ग केले, तेव्हा चोराची सुनावणी न्यायाधीशाकडे गेली. शेतकऱ्याची बव्हंशी कचेरीतच राहिली.

हे सर्व मी अव्वल कारकुनांना, मान्य करतो, जरा चढ्या आवाजात ऐकवले. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे माझा असा समज आहे, की कलमाचा क्रमांक सांगितला की समोरचा माणूस हादरतो. फळ्यावर त्रिकोण काढून कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांच्यातले बाण मी किती पिढ्यांना दाखवले असतील, आणि एकाही वर्गात कोणी हादरले नव्हते, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. कारकून शांतपणे म्हणाले, “काका, त्या कलमाची झेरॉक्स अर्जाला जोडून द्या, टपालात घेतो.” मी बाहेर जाऊन झेरॉक्स काढली, अर्ज लिहिला आणि पोच घेतली. भारताच्या संविधानाला आता आमच्या तहसील कचेरीचा आवक क्रमांक मिळालेला आहे. ज्या भिंतीखाली तो शिक्का मारला गेला, तिच्यावर उद्देशिकेची चौकट टांगलेली होती आणि तिच्या खिळ्यालाच कोणीतरी डब्याची पिशवी अडकवली होती.

साहेबांवर माझा वैयक्तिक राग नाही. निवडणूक त्यांनी घ्यायची, गारपिटीचे पंचनामे त्यांनी करून घ्यायचे, रात्री वाळूचे ट्रक पकडायचे, रेशन, निराधार योजना, दाखले आणि वर राजशिष्टाचार. रामशास्त्री प्रभुणे आज या खुर्चीवर असते तर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावण्याआधी त्यांना पुरवठा शाखेचा आढावा आटोपावा लागला असता, आणि प्रकरण निश्चितच पुढे गेले असते.

पण वरच्यांना कोणती सबब आहे? पक्षांतराच्या अर्जांचा निवाडा संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाने सभापती आणि अध्यक्षांकडे दिला, म्हणजे पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याने पक्ष कोणी सोडला हे ठरवायचे. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी, वाजवी मुदतीत निर्णय घ्या, असे महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षांना सांगितले. नंतर न्यायालयालाच मुदती घालून द्याव्या लागल्या, आणि शिवसेनेच्या प्रकरणातला निर्णय 10 जानेवारी 2024 रोजी आला. अपात्र कोणीच ठरले नाही. रोजनामा त्यांचाही तोच! महापालिकांचे तर विचारूच नका. मार्च 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई आणि पुण्यात नगरसेवकच नव्हते. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, प्रशासक या नात्याने त्यांनीच ते मंजूर करायचे आणि खर्चही त्यांनीच करायचा. स्वतःच्या सूचनेला स्वतःच अनुमोदन देताना त्या सभागृहात कोणाकडे पाहत असतील, याचे मला खरोखर कुतूहल आहे.

परतताना वकिलांना म्हटले, की हे महसुली न्यायालय पुरे झाले, सरळ दिवाणी न्यायालयात जाऊ. तिथले न्यायाधीश निदान कोणाच्या ताफ्यात तरी जात नाहीत. त्यांनी चष्मा पुसत कायदा सांगितला, की कलम 143 च्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दावा लावता येतो, परंतु त्यासाठी मुळात निर्णय झालेला असावा लागतो. निर्णयासाठी सुनावणी व्हायला हवी. तोपर्यंत साखर कारखान्याचा हंगाम सुरू होईल, ऊस तोडायला टोळी येईल, आणि तो सामनेवाल्याच्या नांगरलेल्या बांधावरून काढायचा कसा, हे कोणत्याही मंडळाने अद्याप ठरवलेले नाही.