तीस हजार गाण्यांचा हिशेब जमत नाही

२८ सप्टेंबर आला की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो, आणि ६ फेब्रुवारीला पुन्हा तोच. मजकूर साधारण असा: ‘आपल्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या आणि इंदुरातच लहानाच्या मोठ्या झालेल्या लतादीदींनी ३६ भाषांत ३०,००० गाणी गायली. दिवसाला पाच-सहा गाणी त्या सहज रेकॉर्ड करत. गिनीज बुकातला त्यांचा हा विक्रम आजही अबाधित आहे.’

शीख मोहल्ला आणि २८ सप्टेंबर १९२९ ही तारीख, दोन्ही बरोबर. त्यापुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासावं लागतं.

आधी आकडा. गिनीजने १९७४ मध्ये छापलं होतं ते ३०,००० नव्हे. १९४८ ते १९७४ या काळात ‘किमान २५,०००’ गाणी, २० भारतीय भाषांत, एकल-युगुल-कोरस सगळं धरून, अशी ती नोंद होती. वरचे पाच हजार गिनीजच्याच पुढच्या आवृत्त्यांत चढले, तेही १९४८ ते १९८७ असा काळ धरून. पण २५,००० तरी बसतात का? २७ वर्षांनी भागा, वर्षाला ९२६ गाणी येतात. त्या काळात हिंदी चित्रपट वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे निघत आणि एकात सरासरी सात-आठ गाणी असत. म्हणजे हिंदीत वर्षभरात जेवढी गाणी तयार होत, साधारण तेवढी सगळी एकट्या लताबाईंनी गायला हवी होती. रफी, मुकेश, तलत, मन्ना डे यांची सुद्धा. गीता दत्त, शमशाद, आशा, सुमन कल्याणपूर यांना मग घरीच बसवावं लागेल. इतर भाषांतली गाणी मिळवली तरी हे भोक बुजत नाही.

शिवाय संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंकडून कधीही एकही गाणं गाऊन घेतलं नाही. सचिनदेव बर्मन यांच्याशी १९५७ च्या सुमाराला बिनसलं, ते १९६२ पर्यंत. रॉयल्टीवरून रफींशी वाद झाला तेव्हा साठच्या दशकात काही वर्षं दोघांची युगुलगीतं बंद होती. या सगळ्या वजाबाक्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

‘दिवसाला पाच-सहा’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला त्या काळचं रेकॉर्डिंग कसं चाले हे ठाऊक नसावं. ट्रॅकवर ट्रॅक चढवून गाणं जोडायची सोय नव्हती. गायिका, कोरस, तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त वादक एकाच वेळी वाजवत-गात. मोजके माईक असत आणि व्हायोलिन पुढे, ढोलक मागे अशी बैठक ठरवून आवाजाचा तोल साधला जाई. शेवटच्या अंतऱ्यात बासरी चुकली तरी टेक पहिल्यापासून. त्याआधी संगीतकाराच्या म्युझिक रूममध्ये चाल बसवणं, मग स्टुडिओत वाद्यमेळाची तालीम, मग माईक-टेस्ट. एका शिफ्टमध्ये एक गाणं ‘ओके’ झालं की सगळे समाधानाने घरी जात. सकाळी एका स्टुडिओत आणि दुपारी दुसऱ्यात असे दिवस व्यस्त गायकांच्या वाट्याला येत, पण तो रोजचा रतीब नव्हे. आणि ९२६ ची सरासरी गाठायला रविवार, दिवाळी आणि आजारपण धरून रोज अडीच गाणी लागतात, तीही २७ वर्षं.

मग फुगवटा येतो कुठून? मोजणीच्या पद्धतीतून. दहा इंची ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. लांब गाणं ‘भाग १’ आणि ‘भाग २’ असं दोन बाजूंवर कापलेलं असे. यादी करणारा ते दोन गाणी म्हणून टिपतो. तेच गाणं पुढे ईपीवर (छोट्या तबकडीवर), एलपीवर (मोठ्या तबकडीवर), कॅसेटवर, सीडीवर येतं आणि प्रत्येक वेळी नवा कॅटलॉग नंबर, म्हणजे कंपनीच्या यादीतला क्रमांक, घेतं. कॅटलॉग नंबर मोजाल तर एका गाण्याची पाच होतील. म्हणून जाणकार मॅट्रिक्स नंबर बघतात. तो लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला असतो आणि मूळ ध्वनिमुद्रण कोणतं हे त्यावरून कळतं. एकाच चालीची सुखाची आणि दुःखाची आवृत्ती वेगवेगळी गायली असेल, तर ती मात्र खरोखर दोन गाणी.

उलट्या दिशेचीही चूक होते, हे सांगायलाच हवं. ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. नुसतं लेबल वाचणारा हे गाणं लताबाईंच्या खात्यात धरणारच नाही. ‘अनोखा प्यार’मध्ये (१९४८) पडद्यावर मीना कपूर यांचा आवाज आणि तबकडीवर लताबाईंचा, असा प्रकार आहे. चाळीसच्या दशकात चित्रपटासाठी आणि तबकडीसाठी गाणं अनेकदा वेगवेगळं गायलं जाई. अशा ठिकाणी गाणं एक धरून दोन मुद्रणांची नोंद करणं हा सरळ मार्ग.

कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’च्या पाच खंडांत १९३१ ते १९८० च्या हिंदी चित्रपटांची गाणी चित्रपटवार लावलेली आहेत. गिनीजची २७ वर्षं दुसऱ्या ते पाचव्या खंडात येतात. ज्याला शंका असेल त्याने बोट ठेवून मोजावं. लताबाईंची संपूर्ण कारकिर्दीतली हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या थोडी वर जातात. सगळ्या भाषा आणि गैरफिल्मी धरून आकडा सात हजारांच्या मागेपुढे राहतो. इंदूरकरांना तर लांब जायलाही नको: राऊजवळच्या पिगडंबरमध्ये सुमन चौरसिया यांनी उभं केलेलं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय लताबाईंच्याच नावाने आहे आणि तिथे त्यांची सुमारे ७,६०० गाणी आहेत. आयुष्यभर तबकड्या शोधणाऱ्या माणसाकडे एवढं जमतं, तर उरलेली बावीस हजार कोणाच्या माळ्यावर असतील?

‘विक्रम अबाधित’ हे तर सरळ चूक. मोहम्मद रफींनी हयातीतच या नोंदीला आक्षेप घेतला होता. १९७७ मध्ये गिनीजला लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावासोबत रफींचा २८,००० चा दावाही छापला गेला. तोही तितकाच पोकळ, कारण रफींची हिंदी चित्रपटगीतं साडेचार हजारांच्या आसपास भरतात. १९९१ मध्ये गिनीजने ही नोंदच काढून टाकली. पुढे २०११ मध्ये आशा भोसले यांचं नाव ११,००० पर्यंतच्या आकड्यासह आलं आणि २०१६ मध्ये पी. सुशीला यांचं, १७,६९५ गाण्यांसह.

३६ भाषांबद्दल भांडायचं कारण नाही, फक्त त्या सारख्या वजनाच्या नाहीत. भर हिंदी, मराठी आणि बंगालीवर. मल्याळममध्ये ‘नेल्लु’ (१९७४) या चित्रपटातलं सलील चौधरींचं एकच गाणं आहे, तरी भाषांच्या यादीत मल्याळम हिंदीच्या शेजारी तेवढ्याच ऐटीत उभी असते.

राहिलं ‘इंदुरातच लहानाच्या मोठ्या झाल्या’. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीचं. आशाताईंचा १९३३ चा जन्म तिकडचा. १९४२ मध्ये दीनानाथ पुण्यात वारले आणि १९४५ मध्ये लताबाई मुंबईला गेल्या. इंदूरच्या वाट्याला जन्म आला, आणि १९८४ पासून मध्य प्रदेश सरकारचा त्यांच्या नावाचा पुरस्कार. पुढच्या २८ सप्टेंबरला मजकूर पाठवायचाच असेल तर पहिल्या ओळीतला शीख मोहल्ला ठेवा, ३०,००० च्या जागी ‘सुमारे सात हजार’ लिहा आणि गिनीजचं वाक्य खोडा.