जागा रिकामी आहे म्हणून चार्जर?

परवा एका ओळखीच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "साहेब, आपल्या भागात चार्जिंग स्टेशन करायचंय. बागेच्या कोपऱ्यात जागा रिकामी आहे, येऊन बघून जा." वीस वर्षं इलेक्ट्रिकलची ठेकेदारी करतोय आणि तीन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी चालवतोय, त्यामुळे पुण्यात असले फोन मलाच येतात.

गेलो. जागा रिकामी होती हे खरं. पण ती का रिकामी आहे हे कुणी विचारलं नव्हतं. वळण अवघड, संध्याकाळी समोर भेळेच्या गाड्या आणि विजेचा डीपी, म्हणजे त्या भागाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे केबलसाठी नुकताच केलेला काँक्रीटचा रस्ता फोडायचा. मी त्यांना एवढंच विचारलं, "इथे माणूस गाडी लावून तासभर करणार काय?" ते म्हणाले, "बागेत फिरेल की!" बाग दुपारी बंद असते.

आपल्याकडे चार्जरचा विचार पेट्रोल पंपासारखा होतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. पंपावर माणूस पाच मिनिटांसाठी जातो. चार्जिंगला वेळ लागतो, म्हणून माणूस आपल्या कामासाठी जिथे आधीच थांबलेला असतो तिथे चार्जर हवा. आणि किती वेळ थांबतो त्यावर चार्जर कुठला ते ठरतं. हायवेवर चहा-मिसळीला अर्धा-पाऊण तास, तिथे मोठा डीसी, म्हणजे फास्ट चार्जर ठीक. ऑफिसात आठ-नऊ तास गाडी उभी असते, तिथे साधा 7.4 किलोवॅटचा पुरे. 40 युनिटची बॅटरी त्यावर साडेपाच-सहा तासांत भरते. तिथे फास्ट चार्जर लावला तर तासाभरात गाडी भरणार आणि मालक मीटिंगमध्ये असल्यामुळे उरलेला दिवस ती जागा अडवून बसणार.

शिवाय लोडचं बघा. फास्ट चार्जरच्या 60 किलोवॅटच्या दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, एकदम चालल्या की 120 किलोवॅट. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट धरला तर एकाच डीपीवर ऐंशी एसी एकदम सुरू केल्यासारखं झालं. मे महिन्यात रात्री दहा वाजता हे करून दाखवा, शेजारच्या सोसायट्या तुमच्या दारात येतील. म्हणून मी जागा बघायला गेलो की आधी डीपी शोधतो, बाकीचं नंतर.

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात किमान एक स्टेशन असं होतं. 2024 च्या सूचनांत 2030 पर्यंत तोच चौकोन 1 बाय 1 चा करायचं ठरलं. हेतू चांगला आहे. पण आमच्याकडे नकाशावर चौकोन आखले तर एखादा थेट वेताळ टेकडीवर पडेल. तिथे काय मोरांनी चार्ज करायचं? चौकोनामुळे अंतर कळतं, गरज कळत नाही. बाणेरच्या नव्या टॉवरमध्ये प्रत्येकाचं स्वतःचं पार्किंग आहे, तो घरी प्लग लावून झोपतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुचाकी लावायचीच मारामार. बाहेरचा चार्जर खरा लागतो तो पेठेतल्याला.

पुराचंही कुणी धरत नाही. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगच्या पार्किंग पाण्यात गेली. नदीकाठी किंवा तळघरात चार्जरची जागा सुचवणाऱ्याला मी आता त्या दिवशीचे फोटो दाखवतो.

आणि दुचाकीवाले? मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला आमच्या चौकातल्या पानटपरीपाशी डिलिव्हरीचा एक मुलगा उभा होता. पाठीवर ती चौकोनी बॅग, हातात स्कूटरचा विटेएवढा चार्जर, एक्स्टेन्शनची वायर टपरीच्या बोर्डात. टपरीवाला तासाचे वीस रुपये घेतो. सरकारी नकाशावर त्या टपरीचा ठिपका नाही, पण मला विचाराल तर आमच्या भागातली सगळ्यात अचूक जागा त्या टपरीवाल्यानेच हेरली आहे. जिथून ऑर्डरी सुटतात त्या हॉटेलांसमोरच हा चौक आहे, पोरं तिथे तशीही थांबतात. तिथे चार-सहा 15 अँपियरचे सॉकेट, वर पत्रा आणि एक मीटर एवढं केलं तरी भागेल. पण त्याची फीत कापायला कोण येणार?

कार्यकर्त्याला मी बागेऐवजी मंडईजवळचं पालिकेचं वाहनतळ सुचवलं. दिवसा खरेदीवाले दोन तास लावतात, रात्री ते बरंचसं मोकळं असतं. पेठेतल्या लोकांना रात्री नऊ ते सकाळी सात मासिक पासावर गाडी लावू द्या आणि साधे चार्जर बसवा. रात्रभर गाडी उभी असेल तर 3.3 किलोवॅटसुद्धा चालतो, ट्रान्सफॉर्मरवर ताण नाही, रस्ता फोडायला नको.

ते म्हणाले, "पण साहेब, ते आपल्या प्रभागात येत नाही ना."