लॅबमध्ये काम केलं की मूल होत नाही म्हणे!

चवथीच्या आधीपासून आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी म्हणजे दहा वर्षं फुकट राबणं, लॅबमधल्या इथिडियम ब्रोमाइडमुळे मुलींना मूल होत नाही, गोव्यात नोकरी तर नाहीच. त्यापेक्षा वर्षभरात ऑनलाइन पीएचडी घ्या. खाली फोन नंबर. एरवी असलं काही मी डिलीट करून मोकळी होते. पण डिचोलीच्या मावशीने तो वाचून लेकीचा अर्जच अडवून धरलाय, म्हणून लिहावं लागतंय.

आधी ते मूल न होण्याचं. इथिडियम ब्रोमाइड हा एक रंग. डीएनएचे तुकडे वेगळे करायला लॅबमध्ये जेल, म्हणजे जेलीसारखी वडी, ओततात; तिच्यात डीएनए दिसावा म्हणून हा रंग घालतात. तो डीएनएच्या पायऱ्यांच्या मधे जाऊन बसतो आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. जिवाणूंवरच्या चाचण्यांत तो म्युटेशन, म्हणजे डीएनएत बदल, घडवतो हे खरं आहे, म्हणूनच नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घालायचे. पण जेलमध्ये तो पडतो किती? मिलिलिटरला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. हेच द्रव्य होमिडियम नावाने गुरांना ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या आजारावर टोचत आले आहेत, वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम. चारशे किलोच्या गाईला एका वेळी लागतं तेवढ्यात पन्नास मिलिलिटरची सोळा हजार जेलं होतील! आणि तीच जेलं मुलगेही ओततात, त्यांच्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. हा काळजीचा सूर नव्हे, मुलींना घरी बसवायचा आहे. खरी जपायची द्रव्यं वेगळीच: काही जेलं ज्यापासून बनतात ते, जेल होण्याआधीचं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक, फिनॉल कातडी भाजतं. गरोदरपणी गाइडला लवकर सांगून अशी कामं टाळायची, बस.

दहा वर्षांचा आकडा आला कुठून, तोही बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात, आणि स्त्रियांना त्यावर दोनांची सूट, अशी जास्तीत जास्त दहा. शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे मुलींसाठी ठेवलेली सवलत उचलून तिचीच भीती घातली आहे.

फुकट? सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या नेट परीक्षेत लाइफ सायन्सेस घेऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. जेआरएफ नसलेल्यांची ओढाताण होते, हेही मान्य.

नोकरीचंही थोडं कबूल करते. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत बऱ्याच जागांना एमएस्सी पुरते. पीएचडीनंतर बहुतेकांना पुणं, हैदराबाद किंवा परदेश गाठावा लागतो. पण ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, दोनापावल्याला एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था आहे. पीएचडी करायला तरी गोवा सोडायला नको.

राहिली ती ऑनलाइन पीएचडी. त्याच २०२२च्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मनाई आहे, आणि परदेशी संस्थांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या असल्या पदव्यांना मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीरही केलं. त्या नंबरवर कुणी आगाऊ पैसे भरले असतील, तर आधी ते परत मागा.