चार पँटी आणि एक शेन

पुण्या-मुंबईच्या माणसाची थंडी महाबळेश्वरला संपते. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. असा माणूस फेब्रुवारीत हिमबिबट्या बघायला हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, किब्बर गावाला निघतो, तेव्हा त्याच्या बॅगेत लेन्सा चार आणि पायमोज्यांचे जोड दोन असतात. हे आकडे उलटे हवेत.

पहिला घोळ रस्त्याचा. "अटल बोगदा झालाय, मनालीहून सुळकन जाऊ," म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. बोगदा २०२० साली सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, सगळं कबूल. पण तो रोहतांग खिंड चुकवतो, पुढची कुंझुम खिंड नाही. आणि साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम हिवाळाभर बर्फाखाली असतो. तेव्हा वाट एकच : शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. चारशेच्या वर किलोमीटर. दोन दिवसांत होतात, पण करू नयेत. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे आणि तिथल्या एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साठेक टक्केच प्राणवायू मिळतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रात्रीचा मुक्काम रोज पाचशे मीटरहून जास्त चढवायचा नाही. घाई केली की डोकं ठणकतं, मळमळतं. त्यावर उपाय बाम नव्हे, खाली उतरणं.

म्हणून कल्पाला एक रात्र, ताबोला दोन, काझाला दोन, मग किब्बर. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा. आत भिंतभर चित्रं आहेत आणि फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे माणसाला चित्रं बघावीच लागतात.

विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगावं. या गोळीने लघवीला वारंवार जावं लागतं. शिवाय हवा कोरडी म्हणून पाणी भरपूर प्यायचं असतं आणि थंडीनेही तोच परिणाम होतो. ही तिहेरी युती लक्षात ठेवा.

आता कपडे. स्पितीत सकाळ बरी असते, दुपारी वारा सुटतो. उणे २० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगाला उणे ३३ सारखा लागतो. त्यामुळे एक जाडजूड स्वेटर घालून भागत नाही. आत घाम शोषून बाहेर टाकणारं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यात बाहेर वारा अडवणारा थर. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तोच घाम गार पडतो. कमरेखालीही हाच हिशोब : थर्मल, फ्लीसचा पायजमा, ट्रेकची पँट, वाऱ्याची पँट. चार पँटी, त्यातल्या दोनांना नाड्या. बूट एक नंबर मोठे घ्यावेत. दोन मोजे कोंबून घट्ट बुटात पाय घातला तर रक्तच पोचत नाही आणि बोटं आणखी गारठतात. बाकी महागड्या दुकानांचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, आईने विणलेल्या माकडटोपीला तोड नाही.

खोबरेल तेलाची बाटली न्याल तर दगड परत आणाल. ओठांना पेट्रोलियम जेली बरी. टूथपेस्ट, ओले टिश्यू, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि प्यायच्या पाण्याची बाटली यांना रात्री स्लीपिंग बॅगेत शेजारी झोपवायचं. थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते. खिशात, अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा जीव धरते. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, ती कायमची बिघडते. आणि कॅमेरा उघडाच उबदार खोलीत आणला तर त्याला दरदरून घाम फुटतो. आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, मग आत आणून तासभर पिशवी सोडायची नाही.

घरं मातीची, जाड भिंतींची, सपाट छपराची; छपराच्या कडेने चारा आणि काटक्या रचलेल्या. हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत राहतं, कारण तंदूर तिथे असतो. हा तंदूर म्हणजे रोटीची भट्टी नव्हे. धुराडं असलेली लोखंडी चूल. त्यात लाकूड जळतं आणि वाळलेलं शेणही. इथे मराठी कानाची पंचाईत होते, कारण हिमबिबट्याला स्थानिक भाषेत 'शेन' म्हणतात. घरमालक उत्साहाने "वर कड्यावर शेन आहे" सांगतात आणि आपण म्हणतो, असेल की, तंदुरात पण आहे.

इथे पाणी साधारण ८६ अंशांना उकळतं. म्हणून डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. लोणी-मिठाच्या चहाला चहा समजलात तर फसलात. कढण समजून प्या, आवडेल. एक घोट घेतला की कप पुन्हा भरतो. थांबायचं असेल तर भरलेला कप तसाच ठेवायचा आणि उठताना संपवायचा.

शेन बघणं म्हणजे मुख्यतः दगड बघणं. तो पहाटे आणि संध्याकाळी हलतो, दिवसभर दगडाच्या रंगाचा दगड होऊन पडतो. म्हणून आधी त्याची शिकार, म्हणजे भरल नावाच्या रानमेंढ्या शोधायच्या. सगळा कळप एकाच दिशेला मान ताठ करून बघत असेल, तर तिकडे काहीतरी आहे. गावातली मुलं ते दुर्बिणीशिवाय टिपतात आणि समजावून सांगतात : "तो तपकिरी दगड, त्याच्या डावीकडे तिसरा दगड, त्याच्या खाली." समोर दोन हजार तपकिरी दगड असतात. टेलिस्कोपला डोळा लावताना श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर काचेवर बर्फ जमतं. ट्रायपॉडच्या नळीला उघडा हात लावायचा नाही.

आणि नेमक्या या घटकेला तिहेरी युती जोर करते.

नळ गोठलेले असल्याने संडास कोरडा. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, खाली कोठडी. शेजारी माती, राख, लेंड्यांचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी टाकायची. पाणी ओतायचं नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, कारण वसंतात हेच खत शेतात जातं आणि त्यावर जव-वाटाणा येतो. वास जवळजवळ नाही. शहरातल्या कित्येक फ्लशपेक्षा मला ही सोय शहाणी वाटते. वारा मात्र भोकातून वर येतो. हातमोजे काढले तर बोटं बधिरतात, ठेवले तर नाडी सापडत नाही. म्हणून नाड्या काढून आधीच इलॅस्टिक घालून आणावं. चारही पँटी एका झटक्यात खाली येतात, वर मात्र एकेक करूनच जातात.

तिसरी पँट गुडघ्यापाशी असते तेव्हा बाहेरून हाक येते, "शेन! शेन!"

आपण फावड्याकडे बघतो आणि आतूनच ओरडतो, "टाकतोय!"