खुर्ची काही केल्या सोडायची नाही

बॉस्टनला नव्याने राहायला आलात की मराठी मंडळी सल्ल्यांचा भडिमार करतात. जाड मोजे घ्या, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, कणीक अमक्याच दुकानातून आणा. बर्फात शेजाऱ्यांशी कसं वागायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. तो ज्याने त्याने आपापल्या कंबरेच्या जिवावर शिकायचा विषय समजला जातो. डॉर्चेस्टर, साउदी (म्हणजे साउथ बॉस्टन), जमैका प्लेन अशा दाटीच्या वस्त्यांत तीन मजली लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी असतात, आणि तीन बिऱ्हाडांच्या मिळून पाच गाड्या. तिथे हे ज्ञान नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही चांगले शेजारी म्हणून ओळखले जाल. मग ते आयुष्यभर निस्तरत बसावं लागतं.

मुळात घर भाड्याने घेताना मधला मजला बघा. तळमजल्यावरच्याच्या दारातच फुटपाथ, त्यामुळे सगळे त्याच्याकडे बघतात. वरच्याला सपाट छपरावर साचलेल्या बर्फाचा घोर. मधल्याला कशाशीच देणंघेणं नसतं. जिन्यात कोणी भेटलं की बुटांवरचा बर्फ झटकत ‘काय हा हिवाळा!’ म्हणायचं, की त्याचा वाटा उचलून झाला. मी गेली कित्येक वर्षं मधल्या मजल्यावर आहे आणि माझ्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. मी इथे राहतो हेच बहुतेकांना माहीत नाही.

आता कायदा. शहराचा नियम असा की बर्फ थांबल्यापासून ३ तासांत, आणि रात्रीत थांबला असेल तर सूर्योदयानंतर ३ तासांत, घरापुढचा फुटपाथ मोकळा झाला पाहिजे. वाट किमान ४२ इंच रुंद हवी, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल. यातली मेख अशी की बर्फ थांबला हे ठरवायचं कोणी? तुम्हीच. तेव्हा घाई करू नका. चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहा. एखादा कण तरंगताना दिसला, मग तो समोरच्या झाडावरून उडालेला का असेना, की ३ तासांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर पोरंटोरं, पोस्टमन, कुत्री फिरवणारे असे सगळे त्यावरून जातात, बर्फ तुडवून तुडवून दगड होतो, आणि ‘आता हा फावड्याला दाद देणार नाही, मीठच टाकायला हवं’ असं जाणत्या चेहऱ्याने म्हणता येतं. मीठ टाकतानाही मुहूर्त पाळावा. साधं खडेमीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली जवळपास निकामी होतं, म्हणून पारा उणे बाराला टेकेपर्यंत थांबावं आणि मग सगळ्या खिडक्यांतून दिसेल अशा बेताने सढळ हाताने पेरावं.

यापेक्षाही चांगले दिवस होऊन गेलेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शंभरावर वर्षं न्यायालयांचा दंडक होता की आभाळातून पडून जागच्या जागी राहिलेल्या बर्फावर कोणी घसरलं तर घरमालकाचा दोष नाही. मालकाने तो हलवला, ढीग केला, ढीग वितळून पाणी पुन्हा गोठलं आणि त्यावर कोणी आपटलं, तर मात्र मालक अडकू शकायचा. थोडक्यात, फावड्याला हात लावला नाही तो शहाणा. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडीत काढला आणि दोन्ही बर्फांबाबत सारखीच वाजवी काळजी घ्यायला लावली. हात न लावण्यामागचं कायद्याचं पाठबळ गेलं. तेव्हापासून ते केवळ सवयीच्या बळावर चालू आहे.

तरीही कधी ना कधी फावडं घ्यावं लागतंच. घेतलंत तर हद्द सांभाळा. तुमचं कुंपण जिथे संपतं तिथे फावडं उभं धरून बर्फ सरळ रेषेत कापा, केकसारखा. पलीकडच्या घरात ऐंशीच्या घरातले आजोबा एकटे राहतात आणि त्यांचा फुटपाथ जेमतेम बारा फूट आहे, हे खरं. पण बारा फूट आज काढलेत की उद्याही काढावे लागतील, आणि परवा ते तुम्हाला ताजा केळ्याचा ब्रेड आणून देतील. आता तो ब्रेड खाऊन त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायला कोणाला वेळ आहे?

काढलेला बर्फ टाकायचा कुठे? रस्त्यात टाकायला बंदी आहे, आणि टाकतात सगळे तिथेच. त्यात गंमत अशी की अर्ध्या तासात पालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, येतो आणि तोच बर्फ, वर शेजारच्या गल्लीतला थोडा घालून, तुमच्या दारात परत करतो. यावर उपाय एकच. टाकताना तो हातभर पुढे, शेजाऱ्याच्या गाडीच्या अंगाला टाका. गाडी आधीच गाडली गेलेली असते, त्याला काय कळतंय.

कोपरा मात्र कोणाचाच नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. चौकात फुटपाथ जिथे उतरता होतो, तिथे चारी बाजूंचे प्लाऊ आपापला माल आणून टाकतात आणि कमरेएवढा डोंगर उभा राहतो. नियमाने तो उतारही कोपऱ्यावरच्या घरवाल्याने मोकळा करायचा असतो. पण कोपऱ्यावरच्या घरवाल्याला दोन रस्त्यांचे दोन फुटपाथ असतात, त्यामुळे तो कायम दुसऱ्या बाजूला गुंतलेला असतो. गेल्या फेब्रुवारीत एक बाई दोन चाकांची वाणसामानाची गाडी ओढत तिथवर आल्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी बुटाच्या टोकाने ढिगाला दाबून पाहिलं, मग वर बघितलं, मग गाडी वळवून अर्धा ब्लॉक मागे गेल्या. कोणाच्या तरी ड्राइव्हवेच्या फटीतून रस्त्यात उतरल्या आणि बसच्या पुढून चालायला लागल्या. आम्ही तिघे जण हातात फावडी घेऊन आपापल्या हद्दीत उभे होतो. तिघांनीही एका सुरात ‘सांभाळून हं!’ म्हटलं. वस्तीतली एकी म्हणतात ती हीच.

आगीचे बंब ज्या नळाला पाइप लावतात, त्या फायर हायड्रंटचंही असंच. तो बर्फाखाली नेमका कुठे आहे, हे आग लागेपर्यंत कोणालाच आठवत नाही. २०१२च्या सुमारास बॉस्टनमध्ये एक अ‍ॅप निघालं होतं, त्यावर आपल्या गल्लीतला हायड्रंट चक्क दत्तक घेता यायचा, नावही ठेवता यायचं. असल्या मोहात अजिबात पडू नका. दत्तक घेतलं की खायला घालावं लागतं.

प्रत्येक गल्लीत एक स्नोब्लोअरवाला, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र बाळगणारा, असतोच. पहाटे साडेपाचला त्याचं यंत्र सुरू होतं आणि तो आपल्या घरापासून निघून थेट टोकापर्यंत सगळ्यांचा फुटपाथ मोकळा करून टाकतो. का, ते देवालाच ठाऊक. या माणसाला हाताळणं हे नाजूक काम आहे. आभार मानू नका, आभारातून परतफेडीचा विषय निघतो. पेट्रोलचे पैसे विचारू नका. आवाजाबद्दल मात्र वर्षातून एकदा गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कोणाचं नाव न घेता, ‘काही लोकांना झोपेची गरज असते’ असं टाका. एखाद्या हिवाळ्यात त्याची पाठ धरली आणि यंत्र निघालं नाही, तर ‘हल्ली लोक पूर्वीसारखे राहिले नाहीत’ हे वाक्य तयार असू द्या.

आता मुख्य विषय, खुर्ची.

वादळानंतर रस्त्यावरची आपली गाडी दोन-तीन तास खपून उकरून काढायची, आणि कामाला निघताना त्या मोकळ्या जागी काहीतरी ठेवून जायचं, म्हणजे ती जागा तुमची. इथे त्याला स्पेस सेव्हर म्हणतात. ज्यांनी एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे, त्यांना हे वेगळं शिकवायला नको. फरक एवढाच की रुमालाचा मालक धक्के खात दोन मिनिटांत आत पोहोचतो. खुर्चीचा मालक फ्लोरिडाला गेलेला असू शकतो.

ठेवायचं काय, याला धरबंध नाही. घडीची खुर्ची, नारिंगी कोन, दुधाचे क्रेट, इस्त्रीचं टेबल, मोडका व्हॅक्यूम क्लीनर. वस्तू जितकी दयनीय तितका मालक खमक्या, असा समज आहे. काही जण संतांच्या मूर्तीही ठेवतात. ते पाहून आपला गणपती ठेवायचा मोह होईल, पण आवरा. प्लाऊ आला की अवेळी विसर्जन व्हायचं.

शहर याला परवानगी देतं आणि देतही नाही. महापौर टॉम मेनिनो यांच्या काळापासून हिशोब असा की पालिकेने बर्फाची आणीबाणी जाहीर केली असेल, तर ती उठल्यावर ४८ तास तुमची खुर्ची चालवून घ्यायची. नंतर कचऱ्याची गाडी ती उचलून नेणार. आणीबाणीच जाहीर झाली नसेल तर खुर्चीला हक्क नाही. तुम्ही मात्र दोन इंच भुरभुर पडली तरी खुर्ची मांडा. जागा उकरायला लागली नव्हती? नसेल. पण उकरण्याची तयारी होती की नाही? शिवाय ४८ तास केव्हापासून मोजायचे, यावर मतभेद असू शकतात. माझ्या ओळखीतली एक खुर्ची मार्चच्या शेवटापर्यंत मतभेदांवरच उभी होती.

रस्ता सार्वजनिक आहे, असं कोणीतरी म्हणेल. त्याला शांतपणे विचारा, मग बर्फ कोणी काढला? तो म्हणेल, पालिकेच्या प्लाऊने रस्ता काढला म्हणून तर तुमची गाडी बाहेर पडली. इथे विषय बदला. साउथ एंड भागातल्या रहिवासी संघटनांनी २०१५ साली एकत्र येऊन खुर्च्याच बंद केल्या. तिथे प्रत्येक जण एक जागा उकरतो आणि परत येताना दुसऱ्याने उकरलेल्या जागेत गाडी लावतो. बारा महिने तेरा काळ हीच भानगड, आणि तरी लोक म्हणे एकमेकांशी बोलतात. तिकडे फार फिरकू नका, वाईट सवयी लागतात.

कोणी तुमची खुर्ची बाजूला ठेवून गाडी लावलीच, तर आधी चिठ्ठी. वायपरखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सुरुवात ‘प्रिय शेजारी’ अशी करा आणि मग जिभेला हाड ठेवू नका. सही ‘एक रहिवासी’. त्यापुढचे प्रकार इथल्या दंतकथांत आहेत: रात्री पाइपने गाडीवर पाणी मारून ती काचेच्या पेटीत बंद करणं, सगळा बर्फ परत तिच्यावर लोटणं, टायर. मी यांची शिफारस करत नाही. मधल्या मजल्यावरून एवढं पाइप पुरतही नाही.

आणि गाडीचा मालक ही नर्स असून बारा तासांची पाळी करून पहाटे आली होती, असं नंतर कळलं तर? तर ‘तिने आधी सांगायला हवं होतं’ असं म्हणायचं. कोणाला सांगायला हवं होतं, ते म्हणायचं नाही. खुर्चीवर नाव थोडंच असतं.

मार्च सरला की ढीग खचतात आणि वस्तीची तीन महिन्यांची कमाई उलट क्रमाने वर येते. कॉफीचे कप, एकेकटे हातमोजे, नाताळच्या झाडाची झिरमिळी आणि कुत्र्यांचं सगळं. त्यातलं काही पिशवीत घालून छान गाठ मारून ठेवलेलं. पिशवी बांधण्याइतपत सभ्यता आणि ती कोपऱ्यापर्यंत न नेण्याइतपत थंडी, यांचा असा सुरेख मेळ दुसरीकडे सापडायचा नाही. आपल्या दारात आलेलं पायाने हळूच शेजारच्या दारात सरकवा. १ एप्रिलपासून बहुतेक वस्त्यांत रस्ते झाडणारं यंत्र फिरू लागतं, त्यासाठी ठरल्या दिवशी गाड्या हलवाव्या लागतात. तुमची हलवायला विसरा. गाडीखालचा कचरा तेवढाच सुरक्षित राहतो, आणि दंडाच्या पावतीबद्दल ग्रुपवर चार दिवस बोलता येतं. पुढे पालिका सफाईचा शनिवार ठरवून खराटे, पिशव्या देते. खराटा हातात घेऊन फोटो काढून होईपर्यंत नक्की थांबा.

हे सगळं शेवटी जातं कुठे, असा प्रश्न पडला तर २०१५ आठवा. त्या हिवाळ्यात बॉस्टनवर ११०.६ इंच बर्फ पडला, नऊ फुटांच्या वर. पालिकेने तो ट्रकांनी उचलून सीपोर्ट भागातल्या मैदानावर रचला. तो डोंगर कधी वितळेल यावर महापौरांनी लोकांकडून अंदाज मागवले होते. वितळला १४ जुलैला. तोवर बर्फ कसला, काळा कचराच उरला होता. आतून सायकली निघाल्या, ट्रॅफिकचे कोन निघाले. ते कोन कोणाच्या तरी हक्काच्या जागेवरचे असणार. ४८ तासांनंतर उचलले गेले, बिचारे.

तुमची खुर्चीही अशीच गेली तर हळहळू नका आणि विकतही आणू नका. १ सप्टेंबरला शहरातल्या विद्यार्थ्यांचे बहुतेक भाडेकरार एकाच वेळी बदलतात आणि ऑलस्टन या विद्यार्थ्यांच्या वस्तीतले फुटपाथ टाकून दिलेल्या सामानाने भरून जातात. सकाळी लवकर जा. लाकडी घ्या, जड घ्या, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. गादीची नको, ती भिजून गोठते. ढेकूण आहेत का ते बघत बसू नका, घरात कोण नेतंय? एक पाय मोडका असला तरी चालेल, तिच्यावर बसायचं कोणालाच नाही.