‘क्रॉसला ग्रीस मारा, झालं काम’ म्हणणाऱ्यांना

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. “जुन्या पिकअपचा शाफ्ट वाजला की गॅरेजवाले नवा शाफ्ट नाहीतर डिफरेन्शियल गळ्यात मारतात. नुसतं ग्रीस मारा, आवाज जातो. आवाज नसेल तर क्रॉस ठणठणीत समजा. बदलायचाच तर घरी हातोडीने अर्ध्या तासात बसतो, शाफ्ट गोलच असतो, कसाही चढवा. गाडी थरथरली तर चाकांचं बॅलन्सिंग करा. आणि क्रॉस तुटला तरी काय, गाडी जागेवर उभी राहते.” मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघं माझेच गिऱ्हाईक.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागे नेणारी लांब नळी, डिफरेन्शियल म्हणजे ती मागच्या चाकांना वाटून देणारा दातांचा डबा, आणि क्रॉस म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या खुणेसारखा तुकडा. आधी मेसेजमध्ये खरं काय ते सांगतो. क्रॉस गेला म्हणून अख्खा शाफ्ट बदलावा लागत नाही. नळी पिचलेली नसेल, योकची, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याची, भोकं सैल झालेली नसतील आणि स्लिप योकच्या (शाफ्टवर मागे-पुढे सरकणारा योक) खाचा खाल्लेल्या नसतील, तर नवा क्रॉस पुरतो. डिफरेन्शियलच्या नावाने लोकांना उगाच खर्चात घातलेलं मीही पाहिलंय. इथपर्यंत मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

ग्रीसपाशी मात्र आहे. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर. सील फाटून पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो आणि क्रॉसच्या टोकावर रोलर बसतात तिथे खाचा पडतात. पोलादात पडलेली खाच ग्रीसने भरून येत नाही. चिवचिव आवाज चार दिवस थांबतो, हे खरं. पण थांबते ती फक्त सूचना, झीज चालूच राहते. ग्रीस कामाचं आहे ते धडधाकट क्रॉसला, वेळेवर, आणि पावसाळ्यात तर जास्तच. तेही चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. एखाद्या वाटीतून ते येतच नसेल तर ती वाटी कोरडी राहतेय. शिवाय बऱ्याच क्रॉसना निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंडच नसतं, तिथे ग्रीस मारणार कुठे?

आवाज नाही म्हणजे क्रॉस चांगला, हे तर उलटंच आहे. खटका ऐकू येईपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते आणि भरलेल्या कांद्याच्या गाडीत, खडखडणाऱ्या हौद्यासमोर, तो ऐकू येतोच असंही नाही. त्यामुळे कानापेक्षा हातावर भरवसा ठेवा. गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि मगच न्यूट्रल करा. खाली शिरून एका हाताने जॉइंटच्या अलीकडचा योक धरा, दुसऱ्याने पलीकडचा, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. मग वर-खाली ढकलून बघा. दोन योकांच्या मधे हाताला जाणवेल इतकाही खेळ असेल तर क्रॉस गेला. सीलभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली तर तो आतून कोरडा पडलाय.

याच तपासणीत डिफरेन्शियलचा घोळही बराचसा सुटतो. दोन्ही योक एकत्र थोडे फिरून अडत असतील, तर तो डिफरेन्शियलच्या दातांमधला खेळ आहे. थोडा असतोच, त्याचा दोष क्रॉसला देऊ नका. भरल्या गाडीने उठताना सीटखाली गदगदतं, तेव्हा दोन तुकड्यांच्या शाफ्टचं सेंटर बेअरिंग, म्हणजे मधला आधार, बघा. बहुतेक वेळा त्याचं रबर फाटलेलं असतं. एक प्रकार मात्र गाडीखाली सापडत नाही. खेळ शून्य असतो, पण शाफ्ट उतरवून जॉइंट हलवला की मधोमध अडकतो. तोही बाद.

थरथरीचा हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरला अशा गाडीचं चाक मिनिटाला साधारण साडेचारशे फेऱ्या घेतं. डिफरेन्शियलचं प्रमाण चारच्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार, धरलं तर शाफ्ट अठराशे घेतो, म्हणजे सेकंदाला ३०. चाकाचा दोष संथ हेलकावतो, पुढच्या चाकाचा असेल तर स्टीअरिंगवर येतो. शाफ्टचा दोष बारीक, गुणगुणल्यासारखा, पायाखालच्या पत्र्यात आणि सीटमध्ये येतो. वेग दुप्पट झाला की असंतुलनाचा जोर चौपट होतो. बॅलन्सिंगवर तीनदा पैसे घालवून आलेले लोक माझ्याकडे येतात, त्यांचं मला नवल वाटत नाही. ज्यादा माल भरायला मागे स्प्रिंगचे जादा पाटे चढवलेल्या गाड्यांत तर डिफरेन्शियलचा कोनच बदलतो आणि नवा क्रॉस लवकर झिजतो.

आता “कसाही चढवा”. हे मी स्वतः करून बसलोय. शिकाऊ असताना खूण न करता शाफ्ट काढला, स्लिप योक खाचांत भलतीकडे बसवला आणि गाडी रिकामीसुद्धा ४०ला थरथरायला लागली. उस्तादांनी रात्री पुन्हा खोलायला लावला. कारण असं, की कोनात चालणारा जॉइंट एका फेरीत दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणि कोन सारखे असले तर पुढच्याची चूक मागचा खोडतो. योक ९० अंश फिरले तर खोडायच्या ऐवजी दोन्ही चुकांची बेरीज होते. म्हणून खोलण्याआधी फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती) आणि स्लिप योकवर पंचने किंवा रंगाने खूण करायचीच.

हातोडीला माझी ना नाही, पण नळीवर एकही घाव नको, पोचा आला की बॅलन्स गेला. वाट्या व्हाइसमध्ये सॉकेट लावून दाबून काढाव्यात. बसवताना एक सुई जरी आडवी पडली तरी वाटी पूर्ण आत जात नाही आणि तिला जागेवर धरणारं लॉक खाचेत बसत नाही. लॉक बसत नसेल तर ठोकू नका, वाटी काढून सुया मोजा.

तुटल्यावर गाडी “जागेवर उभी राहते” म्हणे. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट मागून फरफटत, आपटत जातो. पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतू शकतं आणि धावती गाडी त्यावर उचलली जाऊ शकते. घाटात चढताना तुटला तर गिअर टाकूनही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकांमधला दुवाच तुटलेला असतो. शाफ्ट उतरवून दुरुस्ती करतानाही तेच. उतारावर गाडी गिअरमध्ये आहे म्हणून खाली झोपलात तर ती तुमच्यावरून निघून जाईल. मेसेजमध्ये चाकाला दगड लावायचा उल्लेखसुद्धा नाही.